रेडीचा पट्टेरी दगड

रेडीतला हा दगड उचलला की आधी हाताला वजन कळतं. ‘साधो दगड न्हय हो, लोखंड आसा,’ गावातलं कुणीही सांगेल. एक काळपट तांबडा पट्टा, त्यावर फिकट गारेचा, वर पुन्हा तांबडा. बोट फिरवलं तर गेरूसारखा रंग लागतो.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचं हे गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते गणपतीमुळे. १९७६ मध्ये इथल्या खाणीत द्विभुज मूर्ती सापडली. आपण आलोय दगडासाठी.

भूवैज्ञानिक या खडकांना धारवाड गटात घालतात. काळ आर्कियन, साधारण ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीचा महाकल्प, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातला एक प्रचंड मोठा कालखंड. घाटाचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे यापुढे कालचं पोर. चतुर्थीला भटजी संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणतात, त्यातला कल्प ४३२ कोटी वर्षांचा. आकडे जवळचे दिसतात, पण हा योगायोग. त्यावरून विज्ञानाच्या गोष्टी करू नयेत.

‘आर्कियन’ आला ग्रीक ‘आर्खे’वरून. अर्थ, आरंभ. हे नाव १८७२ साली अमेरिकेचे भूवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डेना यांनी दिलं. त्याआधी असल्या खडकांना ‘एझोइक’ म्हणत, म्हणजे निर्जीव. पण कॅनडात जीवाश्मासारखं काहीतरी सापडलं आणि वाद पेटला. डेनांनी जीव होता की नव्हता हे नावात आणलंच नाही. आरंभीचे खडक, बस्स. मला तर हा शहाणपणा वाटतो. कॅनडातला ‘जीवाश्म’ पुढे नुसती खनिजांची नक्षी निघाली. आणि जीव मात्र खरोखरच होते. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी रचलेले थर आहेत.

रेडीच्या दगडातले पट्टेही त्याच जगातले. तेव्हाच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राही. जिथे त्याचा गंज होई, तिथे तो तळाशी बसे. मग गारेचा थर, मग पुन्हा गंज. हातातला तांबडा पट्टा म्हणजे तो गाळ.

आणि ‘आरंभा’च्याही आधी आता एक महाकल्प आहे! १९७२ मध्ये, डेनांनंतर बरोबर १०० वर्षांनी, भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी त्याला ‘हेडियन’ म्हटलं. हेडीस हा ग्रीकांचा पाताळाचा देव. पृथ्वी तेव्हा धगधगत होती, म्हणून हे नाव. त्या काळातला दगड कोकणात कुठेच नाही. इथली वही उघडते ती आरंभापासून, पाताळाचं पान तिच्यात नाही.