भांड्यावर नाव घालतात तसा कप

नमस्कार मंडळी. आज इथे समोर मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा खूप दिसतायत, आणि मला माहितीये की शनिवारी रात्री तुमची नातवंडं टीव्हीसमोर बसून किंचाळत असतात आणि तुम्हाला ती काळी चकती कुठे गेली तेच दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नका, मी पन्नास वर्षं आइस हॉकी बघतेय आणि मीसुद्धा चकती बघत नाही, माणसं कुठे वळतायत ते बघते, मग ती आपोआप तिथे सापडते. या चकतीला पक म्हणतात, रबराची असते, आणि मॅचच्या आधी ती चक्क गोठवून ठेवतात कारण गार रबर कमी उसळतं.

मी १९७५ ला टोरंटोला आले, सात वर्षांची होते, पहिल्या थंडीत करायला काही नाही म्हणून बाबांनी शनिवारी हॉकी लावायला सुरुवात केली. आईला या खेळातलं सगळ्यात आधी काय कळलं असेल तर पेनल्टी. कोणी कोणाला काठी घालून पाडलं की त्याला दोन मिनिटं काचेमागे वेगळं बसवतात, मारामारी केली तर पाच मिनिटं. आई म्हणाली, "अगं हे तर वर्गाबाहेर उभं करणं झालं!" आणि खरंच, नव्वद-शंभर किलोचा, पुढचे दोन दात गेलेला बाप्या गप्प बसून घड्याळाकडे बघतोय, आणि वेळ संपली की दार उघडून शाळा सुटल्यासारखा सुसाट. तेव्हापासून आई कायम त्या बसवलेल्याच्या बाजूने. "सोडा आता बिचाऱ्याला."

तर मला आज सांगायचंय ते हे, की एनएचएल म्हणजे ३२ टीम्सची लीग, केवढा मोठा धंदा आहे हा, पण आत डोकावून बघितलं की सगळं आपल्या घरच्या कार्यासारखं चाललेलं असतं, आणि म्हणूनच माझा जीव आहे त्याच्यावर.

आता ही लीग जिंकणाऱ्या टीमला मिळतो त्या कपाचंच घ्या. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये चांदीचा एक वाडगा बक्षीस म्हणून दिला, त्याच्याखाली एकेक कडं जोडत जोडत आता तो तीन फुटांचा, पंधरा-सोळा किलोचा स्टॅन्ली कप झालाय. जिंकणाऱ्या टीममधल्या माणसांची नावं त्याच्यावर कोरतात, अगदी आपण लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून घेतो तशी. आणि तशाच चुकाही होतात! आमच्या घरी एक पातेलं आहे, आत्याचं नाव कमला, पण काना राहिला त्यामुळे त्या पातेल्यावर ती कायमची कमल. कपावर १९७२ च्या बॉस्टनमध्ये दोन्ही ओच्या जागी क्यू पडलेत, १९८१ च्या न्यूयॉर्क आयलंडर्समधला पहिला एस गायब आहे, आणि आमच्या टोरंटोच्या १९६३ च्या 'लीफ्स'मध्ये एफच्या जागी ई बसला होता. शंभर वर्षांहून जुना चांदीचा कप आणि त्याच्यावर शुद्धलेखनाच्या चुका, मला हे फार आवडतं.

शिवाय हा कप कपाटात बसत नाही. जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूकडे तो उन्हाळ्यात एक दिवस राहायला जातो, बरोबर पांढरे हातमोजे घातलेला राखणदार. कोलोरॅडोच्या सिल्व्हेन लफेव्हने १९९६ मध्ये आपल्या मुलीचा बाप्तिस्मा या कपात केला, आयलंडर्सच्या क्लार्क गिलिसने त्याच्यात आपल्या कुत्र्याला जेवायला घातलं. माणसं त्यात आइसक्रीम खातात, सकाळचं सीरियल खातात. भांडं आहे ना, मग वापरायचं!

पण कार्यासारखं मी म्हणते त्याचं खरं कारण २२ फेब्रुवारी २०२० ची रात्र. लग्नात वाढपी कमी पडला की एखादा पाहुणा बाह्या सरसावून भाताचं पातेलं उचलतो की नाही? तसं. टोरंटोत मॅच, समोर कॅरोलायना, आणि त्यांचे दोन्ही गोलकीपर एकाच मॅचमध्ये जखमी. अशा वेळेसाठी तेव्हा मैदानावर एक राखीव गोलकीपर बसवलेला असायचा, ज्या टीमला गरज पडेल तिच्यासाठी तो खेळायचा. त्या रात्री तो होता डेव्हिड आयर्स, वय ४२, काम झांबोनी चालवण्याचं. झांबोनी म्हणजे बर्फ तासून त्याच्यावर गरम पाण्याचा हात फिरवणारी ती गाडी, मध्यंतरात सगळी पोरं तिच्याकडेच टक लावून बघतात. तर हा माणूस उठला, कॅरोलायनाचा लाल-पांढरा शर्ट घातला, आणि पहिले दोन शॉट आत गेले. आम्ही टोरंटोवाले उड्या मारतोय. त्यानंतर त्याने एकही आत जाऊ दिला नाही, दहापैकी आठ अडवले, आणि आम्ही ६-३ हरलो. आणि ऐका, या माणसाला २००४ मध्ये आईने स्वतःची किडनी दिलेली. हे कळल्यावर आई म्हणाली, "मग तोच जिंकायला हवा होता," आणि मी लीफ्सची पक्की फॅन, तरी मी टाळ्या वाजवल्या.

लीफ्सबद्दल आता बोलावंच लागणार. आमच्या टीमने शेवटचा कप जिंकला १९६७ ला, माझा जन्म १९६८ चा. २०१३ मध्ये बॉस्टनशी सातवी, निर्णायक मॅच, शेवटच्या पिरियडमध्ये आम्ही ४-१ पुढे, आई म्हणाली झोपायला जाते आता, आणि बॉस्टनने आधी एक आणि मग शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन गोल करून बरोबरी केली आणि मग ओव्हरटाइममध्ये आम्हाला काढलं. आमच्या घरात त्या रात्रीनंतर नियम आहे, मॅच संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. आणि २०२४ आणि २०२५ चा कप कुठे गेला, तर फ्लोरिडाला! जिथे बर्फ फक्त सरबतात असतो.

एक विनंती आहे. डाउनटाउनला यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जुन्या बँकेच्या इमारतीत हॉकी हॉल ऑफ फेम आहे, तिथे कपाला हात लावता येतो. खेळाडू जिंकेपर्यंत हात लावत नाहीत, अपशकुन मानतात, पण आपल्याला चालतं. कपाचं खालचं कडं भरलं की वरचं एक काढून संग्रहालयात ठेवतात आणि खाली नवीन जोडतात. २०१८ मध्ये १९५४ ते १९६५ ची नावं अशी उतरवली. १९६७ चं टोरंटो आता खालच्या मोठ्या कड्यांपैकी सगळ्यात वरच्या कड्यावर आहे, म्हणजे पुढच्या खेपेला त्याचा नंबर. तर नातवंडांना घेऊन जा, चष्मा विसरू नका, आणि ती ओळ शोधून तिच्यावरून एकदा बोट फिरवून या. मी आईला घेऊन दोनदा जाऊन आलेय, शनिवारी तिसऱ्यांदा जातेय, गाडीत दोन जागा आहेत.