प्रेक्षकांविना मैफल: पॉम्पेईतले पिंक फ्लॉइड

[दृश्य: उंचावरून दिसणारं लंबगोल अँफिथिएटर. मधोमध चार वादक, भोवती काळे स्पीकर. पायऱ्या रिकाम्या.]

ऑक्टोबर १९७१. इटलीत नेपल्सजवळचं पॉम्पेई, इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर. हे अँफिथिएटर त्याच्याही सुमारे दीडशे वर्षं आधीचं. दगडात बांधलेली जी रोमन अँफिथिएटरं आज उभी आहेत, त्यांतलं सर्वांत जुनं. हजारो माणसं बसतील एवढ्या पायऱ्या, आणि त्यांवर प्रेक्षक म्हणून कोणीच नाही. खाली मातीत वाजवतायत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे चौघे: रॉजर वॉटर्स (बास गिटार), डेव्हिड गिल्मर (गिटार), रिचर्ड राइट (ऑर्गन, पियानो) आणि निक मेसन (ड्रम).

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, प्रयोगशील रचनांचं रॉक संगीत, वाजवणाऱ्या बँडच्या इतिहासावर पुढे पुष्कळ माहितीपट निघाले. बहुतेकांत साठी-सत्तरी गाठलेले वादक खुर्चीत बसून आठवणी सांगतात आणि मधेमधे जुन्या चित्रीकरणाचे चार-दोन तुकडे येतात. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोण कधी बाहेर पडलं, हे त्यातून नीट कळतं. वाजवताना हात काय करत होते, हे मात्र कळत नाही. 'पिंक फ्लॉइड: लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई' हा चित्रपट म्हणूनच आम्हाला या बँडच्या इतिहासाचा सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतो. त्यात भाष्य जवळपास नाही, वादन भरपूर आहे. आणि त्याचं आजचं रूप ठरलंय ते त्या दिवसांत आलेल्या अडचणींमुळे.

दिग्दर्शक एड्रियन मेबन यांच्या डोक्यात आधी वेगळंच होतं. फ्लॉइडचं संगीत आणि मॅग्रिट, डी किरिको अशा चित्रकारांची चित्रं एकत्र आणायची. बँडला ते रुचलं नाही. १९७१च्या उन्हाळ्यात मेबन इटलीत असताना पॉम्पेईच्या भटकंतीत त्यांचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला ते संध्याकाळी पुन्हा अवशेषांत गेले. पर्यटक निघून गेलेले, रिकाम्या दगडांत बारीकसा आवाजही घुमत होता. जागा तिथेच ठरली. त्या काळात रॉक मैफलींच्या चित्रपटांत गर्दीला वादकांइतकंच महत्त्व असे. मेबनना गर्दी नकोच होती.

परवानगीचं काम झालं ते नेपल्स विद्यापीठातले प्राध्यापक उगो कारपुती यांच्यामुळे. त्यांना बँडचं संगीत आवडायचं. अँफिथिएटर सहा दिवस पर्यटकांसाठी बंद ठेवायला त्यांनी अधिकाऱ्यांना राजी केलं.

बँडची अट एकच होती: रेकॉर्ड लावून नुसते ओठ आणि हात हलवणार नाही. वाजवायचं ते जागेवर, आणि तेच ध्वनिमुद्रित करायचं. ऐकायला सोपी वाटणारी ही अट निभावायची तर दौऱ्यावरचा अख्खा सरंजाम लागतो. अँप (अँप्लिफायर), स्पीकर, ऑर्गन, पियानो, ड्रम, गाँग, मिक्सर, ध्वनिमुद्रणाची यंत्रं. हे सगळं लंडनहून ट्रकने निघालं आणि तीन दिवसांनी पॉम्पेईला पोचलं.

[दृश्य: स्पीकरच्या पाठीवरून सरकणारा कॅमेरा. ठशाने छापलेली अक्षरं: पिंक फ्लॉइड, लंडन.]

सामान उतरलं, जोडलं, आणि लक्षात आलं की वीज पुरत नाही. पुरातत्त्वाच्या जागेत एवढा भार घेणारी लाइन असणार कुठून? वीज कमी पडली की फक्त दिवे मंदावतात असं नाही. ऑर्गनचा सूर हलतो, टेपचा वेग डळमळतो, आणि टेपचा वेग बदलला की चित्राशी आवाजाचा मेळ बसत नाही. शेवटी गावातून, रस्त्यारस्त्यांवरून लांबच लांब केबल ओढत अँफिथिएटरपर्यंत आणावी लागली. त्यात मोलाचे दिवस गेले. सहांतले जे उरले, त्यांत तीनच रचना चित्रित झाल्या: 'एकोज', 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' आणि 'वन ऑफ दीज डेज'.

यातली 'एकोज' तेव्हा श्रोत्यांनी रेकॉर्डवर ऐकलेलीही नव्हती. ती ज्या 'मेडल' अल्बमवर आहे, तो ऑक्टोबर संपता संपता बाजारात आला. रेकॉर्डवर तिची लांबी साडेतेवीस मिनिटं, म्हणजे एलपीची एक अख्खी बाजू. आता छायाचित्रणाचं गणित बघा. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट पळते. कॅमेऱ्यावर चढणारं मोठं रीळ हजार फुटांचं, म्हणजे अकरा मिनिटांत खलास. अख्खी 'एकोज' एका रिळात बसणं शक्यच नव्हतं. चित्रपटात ती दोन भागांत येते. पूर्वार्धाने सुरुवात होते आणि उत्तरार्धाने शेवट.

'एकोज'ची सुरुवात एका टपकणाऱ्या स्वराने होते. राइट यांच्या पियानोचा वरच्या सप्तकातला एक स्वर लेस्ली स्पीकरमधून काढलेला. लेस्लीच्या आत कर्णा फिरत असतो. तो ऐकणाऱ्याकडे वळला की आवाज किंचित वर जातो, दूर वळला की खाली. स्वर पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो तो त्यामुळे.

आणि उत्तरार्धातली ती किंकाळी! कोणी तिला देवमाशाची साद म्हणतं, कोणी समुद्रपक्ष्याची. ती आहे गिल्मर यांच्या वाह-वाह पेडलची, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या उपकरणाची. पेडलच्या वायरी उलट्या लावायच्या. गिटारची वायर आउटपुटच्या भोकात, अँपची इनपुटच्या भोकात. मग सर्किट आपणहून किंचाळायला लागतं, तार छेडायचीही गरज राहत नाही. सूर वर-खाली करायचा तो गिटारच्या टोन नॉबने आणि पायाने पेडल दाबून. घरी करून बघणाऱ्यांना एक सूचना: हा प्रकार जुन्या घडणीच्या साध्या पेडलवरच जमतो. ज्या नव्या पेडलमध्ये इनपुटला बफर (आवाज एकाच दिशेने जाऊ देणारं सर्किट) बसवलेला असतो, ते असं जोडलं की गप्प बसतं. आवाज आधी कमी ठेवा. किंकाळी अचानक सुरू होते, आणि स्पीकरसाठी व कानांसाठी ती बरी नाही.

'वन ऑफ दीज डेज'चा सगळा डोलारा वॉटर्स यांच्या बासवर उभा आहे, आणि बास उभा आहे बिन्सन एकोरेक या इटालियन यंत्रावर. इतर प्रतिध्वनी यंत्रांत टेपचं वेटोळं फिरायचं, यात धातूची चकती फिरते. तिच्या कडेला चुंबकीय तार गुंडाळलेली असते. एक हेड आवाज नोंदवतो आणि ओळीने बसवलेले पुढचे हेड तोच आवाज ठरावीक अंतराने परत देतात. सर्वांत लांबचा प्रतिध्वनी साधारण ३०० मिलिसेकंदांनी येतो. वाजवणारा एक आघात करतो, यंत्र मधल्या जागा भरतं, आणि घोड्याच्या टापांसारखी लय तयार होते. अडचण अशी की वेग यंत्राचा, माणसाचा नाही. वादकाने यंत्राच्या अंतरात अचूक बसायचं आणि ड्रमरने त्या दोघांना धरून ठेवायचं. जरा पुढे-मागे झालं की प्रतिध्वनी आघातांवर आदळतात आणि सगळा चिखल होतो.

[दृश्य: निक मेसन, जवळून. हातातली काठी निसटते.]

इथे मेसन यांच्या हातातली काठी उडते. ते दुसरी उचलतात, ताल सुटत नाही. हा क्षण इतका जवळून दिसण्यामागे एक अपघात आहे. या रचनेच्या चित्रित फिल्मचे काही डबे हरवले, आणि संकलनाच्या टेबलावर मुख्यतः मेसनवर रोखलेल्या कॅमेऱ्याचीच फिल्म उरली. इतर तिघे त्यामुळे ओझरते दिसतात. कितीतरी जणांना वाटतं की हा दिग्दर्शकाचा धाडसी निर्णय होता. हाताशी तेवढंच होतं. पण ड्रमर एखादी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी ओढून नेतो, हे बघायला रॉकच्या चित्रपटांत याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'मध्ये सगळे जण दिसतात, आणि वाद्यांशी नेहमीसारखं कोणीच वागत नाही. गिल्मर जमिनीवर बसून तारांवर स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) फिरवतायत. राइट पियानोच्या पट्ट्या मुठींनी आणि तळव्यांनी बडवतायत. वॉटर्स झांजा आणि गाँगवर तुटून पडलेत, मागे सूर्य. मेसन एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, कारण बाकी तिघे सूर-तालाच्या बाहेर गेलेले असताना कोणीतरी ठाम उभं राहायला हवं. नुसती रेकॉर्ड ऐकून हा गोंगाट वाटू शकतो. पाहिल्यावर कळतं की चौघांची कामं स्पष्ट वाटलेली आहेत.

एवढ्याने पूर्ण चित्रपट होत नव्हता. म्हणून डिसेंबर १९७१मध्ये पॅरिसच्या एका स्टुडिओत आणखी तीन रचना घेतल्या. पॉम्पेई कुठलं आणि पॅरिस कुठलं, हे ओळखायची खूण सोपी आहे. राइट यांच्या चेहऱ्यावर दाढी असेल तर पॉम्पेई, नसेल तर पॅरिस. त्यातल्या एका रचनेत नॉब्ज नावाची बोरझोई जातीची कुत्री गाते. गिल्मर माउथ ऑर्गन वाजवतात, वॉटर्स गिटार, आणि राइट तिच्या तोंडाशी माइक धरतात. तो तुकडा गमतीचा आहे, त्यावर इथे थांबत नाही.

सप्टेंबर १९७२मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला तेव्हा तो तासाभराचा होता. चित्रपटगृहांना लांबी हवी होती. मग लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली दृश्यं जोडली गेली, आणि इतिहासाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ ठरला. 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम घडण्याचा तो काळ. वॉटर्स सिंथी एकेएस या सूटकेसमध्ये मावणाऱ्या सिंथेसायझरवर वाकलेले दिसतात. त्या अल्बममधल्या 'ऑन द रन' या रचनेचा पाया म्हणजे या यंत्रात भरलेले आठ स्वर. ते संथ भरायचे, मग वेग इतका वाढवायचा की सुटे स्वर ओळखू येऊ नयेत, आणि नॉब फिरवत त्यांचा पोत बदलत राहायचा. याच अल्बमवर २००३मध्ये 'क्लासिक अल्बम्स' मालिकेत माहितीपट निघाला. त्यात मिक्सरसमोर बसून एकेक ट्रॅक वेगळा काढून ऐकवला जातो. दोन्ही पाठोपाठ बघावेत. एकात काम चालू आहे, दुसऱ्यात त्याची उकल.

पण कॅमेरा नव्हताच, तिथे काय करायचं? बँडचे पहिले गीतकार आणि गिटारवादक सिड बॅरेट १९६८मध्ये बाहेर पडले. ५ जून १९७५ रोजी, बँड अ‍ॅबी रोडमध्ये 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'वर काम करत असताना ते अचानक तिथे आले. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंग सुटलेलं. जुन्या मित्रांना ते आधी ओळखूही आले नाहीत. ती रचना त्यांच्याच आठवणीत लिहिलेली. या प्रसंगाची फिल्म नाही. जॉन एजिंटन यांनी २०१२च्या माहितीपटात तो हजर असलेल्यांच्या तोंडून उभा केला, आणि सांगणाऱ्यांचे तपशील एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. मुलाखतींवर उभ्या असलेल्या माहितीपटाची मर्यादा इथे दिसते. माणसं खोटं बोलत नसतात, पण ३५हून जास्त वर्षांनी प्रत्येकाच्या आठवणीतली ती खोली वेगळी झालेली असते.

[दृश्य: फिल्मचे गोल डबे. निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरलेली.]

आता पॉम्पेईच्या मूळ निगेटिव्हचं काय झालं ते. चित्रपट वर्षानुवर्षं प्रतीवरून काढलेल्या प्रतींतून फिरत राहिला. प्रत्येक पिढीत दाणे वाढतात, सावल्यांतला तपशील जातो, रंग विटतात. २००३ची दिग्दर्शकीय आवृत्ती निघाली तेव्हा मेबन यांनी त्यात संगणकावर केलेली प्राचीन पॉम्पेईची आणि अवकाशाची दृश्यं घातली. आमच्या मते त्यामुळे वादनात व्यत्यय येतो. नवं घालण्याखेरीज त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं, कारण न वापरलेल्या निगेटिव्हचे ५४८ डबे फ्रान्समध्ये जाळून टाकले गेल्याचं त्यांनीच सांगितलं आहे. साठवणुकीची जागा मोकळी करताना बँडच्या इतिहासाचा एवढा मोठा भाग राख झाला, याचं दुःख आजही ओसरत नाही.

वाचली ती संकलित निगेटिव्ह. बँडच्याच संग्रहात, नीट नावं न लिहिलेल्या पाच डब्यांत ती सापडली. लाना टॉपम यांच्या देखरेखीखाली एकेक फ्रेम ४के, म्हणजे अतिशय बारीक तपशील टिपणाऱ्या दर्जात, स्कॅन करून साफ झाली. ध्वनीचं नवं मिश्रण स्टीव्हन विल्सन यांनी केलं, जे स्वतः प्रोग्रेसिव्ह रॉकमधले नामवंत संगीतकार आहेत. एप्रिल २०२५मध्ये ही आवृत्ती चित्रपटगृहांत आली. पहिल्यांदाच बघणार असाल तर हीच बघा, चांगल्या हेडफोनवर किंवा निदान दोन वेगळ्या स्पीकरवर. 'एकोज'मध्ये गिल्मर आणि राइट जोडीने गातात, त्यांचे दोन आवाज जुन्या प्रतींत एकमेकांत विरघळायचे. इथे ते सुटे ऐकू येतात.

'वन ऑफ दीज डेज'मध्ये मात्र अजूनही बहुतेक वेळ मेसनच दिसतात. संकलित निगेटिव्ह म्हणजे त्या काळी कापून जोडलेली फिल्म. जे तेव्हा जोडलं गेलं नाही, ते तिच्यात असण्याचा प्रश्नच येत नाही.