मक्याखालचा नळ

(दृश्य: अमेरिकेतलं आयोवा राज्य. नांगरलेलं काळंभोर रान. बांधाकडेच्या चरात एका नळीच्या तोंडातून पाणी ठिबकतंय.)

या नळीला इथले शेतकरी ‘टाइल’ म्हणतात. उत्तर आयोवाचा बराच मुलूख पूर्वी दलदलीचा. आजे-पणज्यांनी चर खणून भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या, पाणी काढून दिलं, तेव्हा कुठे इथे मका उभा राहिला. कुठली नळी कुठून जाते, हे कागदावर असेलच असं नाही. बऱ्याचदा ते घरातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असतं.

आता याच रानांतून कार्बन डायऑक्साइड वाहून नेणारा एक पोलादी नळ न्यायचा घाट घातलाय.

आयोवातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. आपल्याकडे डिस्टिलरीत उसाची मळी आंबवतात, तसा इथे मका आंबवतात. 25 किलो मक्यातून साधारण 11 लिटर इथेनॉल, आठेक किलो पशुखाद्य आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड. हा वायू धुराड्यातल्या धुरासारखा भेसळीचा नसतो, चांगला शुद्ध असतो. म्हणून पकडायला स्वस्त.

2021 साली ‘समिट कार्बन सोल्युशन्स’ ही कंपनी पुढे आली. पुढे आराखडा वाढत गेला: पाच राज्यं, 57 कारखाने, सुमारे 4,000 किलोमीटर नळ. वायू दाबाखाली नॉर्थ डकोटात न्यायचा आणि खोल खडकात मुरवायचा. 2022 च्या कायद्याने गाडलेल्या दर टनामागे 85 डॉलरपर्यंत करसवलत मिळते. खरी ओढ तिची, हे उघड आहे. पण कारखानदारांचंही खोटं नाही. विमानाच्या इंधनाची नवी बाजारपेठ हवी, तर इथेनॉलचा कार्बनचा आकडा, म्हणजे ते बनवताना किती कार्बन हवेत जातो तो, खाली यायला हवा. ती मिळाली तर मक्याला भाव.

मग शेतकरी अडून का बसले?

एक म्हणजे भीती. 22 फेब्रुवारी 2020, मिसिसिपीतलं सटार्शिया. पावसाने उतार खचला आणि असाच एक नळ फुटला. वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचला. लोक घुसमटले, गाड्यांची इंजिनं बंद पडली. 45 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं.

पण भीतीपेक्षा मोठा आहे राग, सक्तीचा. जमीन नावावरच राहते, पण नळाच्या पट्ट्यावरचा हक्क मालकाच्या मर्जीविरुद्ध घेता येतो. जून 2024 मध्ये आयोवाच्या नियामक मंडळाने समिटला तो अधिकार दिला. शेजारच्या साउथ डकोटाने मार्च 2025 मध्ये अशा नळांसाठी सक्तीवर कायद्यानेच बंदी घातली. आयोवाच्या विधिमंडळानेही लगाम घालणारं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी जून 2025 मध्ये ते नकाराधिकाराने अडवलं. त्या रिपब्लिकन, विधेयक आणणारेही रिपब्लिकन. आणि एरवी ज्यांचं तोंड बघायचं नाही त्या पर्यावरणवाद्यांच्या मांडीला मांडी लावून कट्टर पुराणमतवादी शेतकरी सुनावणीला बसलेले.

नेब्रास्कात वेगळं घडलं. तिथे ‘टॉलग्रास’ कंपनीने जुनी गॅसवाहिनीच वापरात घेतली आणि विरोध करू शकणाऱ्या संघटनेशी आधीच लेखी करार केला. तिथे एवढा तंटा पेटला नाही.

(दृश्य: पुन्हा तीच नळी.)

टाइल फुटली तर दुरुस्त करून देऊ, असं करारात लिहिलेलं असतं. पण पोलादी नळ पुरून भरलेला चर हळूहळू दबतो आणि त्यावरची नळी वाकते, तेव्हा वरून काहीच दिसत नाही. कळतं ते दोन-चार वर्षांनी, पेरणीच्या तोंडावर, रानाच्या मधोमध पाणी चमकलं की.