रिटेनिंग वॉल निवडताना मागची माती आधी

घरच्या बागेसाठी काँक्रीटची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, निवडायची म्हटलं की चर्चा रंग आणि पोतापासून सुरू होते. मी तुम्हाला आग्रहाने सांगेन, आधी टेप घ्या आणि उंची मोजा. मागे पाण्याचा निचरा होणारी माती असलेली 1 मीटर उंच भिंत घेतली, तर तिच्या दर मीटर लांबीवर साधारण 300 किलोचा आडवा रेटा येतो. उंची 2 मीटर केली की रेटा चौपट, 1200 किलो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो. भिंतीच्या माथ्याजवळ गाडी उभी राहणार असेल किंवा तिच्यामागे माती चढत जात असेल, तर हे आकडे आणखी वाढतात.

1 मीटरपर्यंत एकमेकांत बसणारे मोकळे ब्लॉक उत्तम. त्यांना सिमेंटचा सांधा लागत नाही, जमीन थोडी बसली तरी ते सामावून घेतात. मात्र खाली 150 मिलिमीटर खडीचा ठोकून घट्ट केलेला थर हवा आणि ब्लॉकचा पहिला थर जमिनीत गाडलेला हवा. तो पाणसळीत नसेल तर वरचा प्रत्येक थर ती चूक वाढवत नेतो. 1 मीटरहून उंच ब्लॉकच्या भिंतीला मागच्या भरावात जिओग्रिडच्या, म्हणजे माती धरून ठेवणाऱ्या मजबूत प्लास्टिकच्या, जाळ्या लागतात, उंचीच्या निदान 0.7 पट लांबीच्या. मागे तेवढी जागा मोकळी नसेल तर हा पर्याय सोडा.

मग आरसीसीची, म्हणजे लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटची, एल आकाराची भिंत. पायाची रुंदी उंचीच्या 0.5 ते 0.7 पट धरतात. वर बसलेली मातीच पायाला दाबून धरते, म्हणून पाया अरुंद करून पैसे वाचवू नका. उभ्या भिंतीतले मुख्य गज मातीच्या बाजूला हवेत, कारण ताण तिथे येतो. ते बाहेरच्या बाजूला बांधले तर भिंत मुळाशी तडकते. काँक्रीट ओतण्याआधी हे स्वतः बघा. 1 मीटरच्या वर डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या.

आता पाणी. बहुतेक भिंती पाण्यामुळे जातात. मागे पाणी तुंबलं की 300 किलो रेट्याची तीच भिंत 600 किलोहून जास्त रेटा झेलते. म्हणून भिंतीला लागून 300 मिलिमीटर रुंद स्वच्छ खडी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), तळाशी 100 मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, 100 ला 1 उतार देऊन मोकळ्या जागी काढलेला. आरसीसीला शिवाय 75 मिलिमीटरची वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, दीड-दीड मीटरवर. कापड विसरलात तर गाळ खडीत शिरतो आणि काही पावसाळ्यांत सगळा निचरा बंद पडतो.

भराव 150 ते 200 मिलिमीटरच्या थरांत घाला. भिंतीपासून 1 मीटरच्या आत जड रोलर आणू नका, हलका प्लेट कॉम्पॅक्टर (माती ठोकून बसवायचं यंत्र) किंवा हाताचं धुमस पुरे. चिकण माती मागे भरू नका, ती भिजली की फुगून ढकलते. छताच्या पन्हाळीचं पाणी या भरावावर कधीही सोडू नका, पाइपने भिंतीपलीकडे न्या.