रोजकीर्द, खातेवही आणि की-व्हॅल्यू डेटाबेस

सुरुवातीलाच विचारतो, डायनॅमोडीबी नाहीतर कॅसँड्रा, म्हणजे की (किल्ली) दिली की तिच्याखालची नोंद काढून देणारे डेटाबेस, वापरताय असे किती जण? बरेच हात आले. आता टेबल करायच्या आधी ज्यांनी डेटाला विचारायचे सगळे प्रश्न कागदावर लिहून काढले होते त्यांनीच हात वर ठेवा. बघा, पडले की नाही पटापट! आज मला एवढंच बोलायचंय.

ॲमेझॉनचा 2007 चा डायनॅमो डेटाबेसवरचा पेपर, 2012 ला सर्व्हिस म्हणून डायनॅमोडीबी, हे तुम्हाला माहितीये. पण 2004 च्या सणाच्या खरेदीत ॲमेझॉनचा रिलेशनल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांचा, डेटाबेस धापा टाकायला लागला, आणि त्यांनी आपला वापर नेमका कसा आहे हे तपासलं. ॲमेझॉनचा सीटीओ वर्नर व्होगल्सनं 2017 मध्ये लिहिलंय, साधारण 70 टक्के ऑपरेशन्स एक की दिली की एक ओळ परत, अशी होती, आणखी 20 टक्के एकाच टेबलातल्या काही ओळी. म्हणजे प्रश्न आधी मोजले, डेटाबेस नंतर बांधला. आपण तयार डेटाबेस उचलतो आणि प्रश्न गिऱ्हाईक तोंडावर आलं की शोधतो.

आता मार्केट यार्डातलं सांगतो, आणि हे मला खरंच लागलेलं आहे. ओळखीच्या एका गूळ अडतीवर बाहेरगावच्या कंपनीनं सॉफ्टवेअर बसवलं. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले तेव्हा स्क्रीन झटक्यात उघडत होती, सगळे खूश. सीझन संपत आला तसं चाक फिरतच राहायला लागलं. गारगोटीकडचा एक शेतकरी काउंटरला उभा, त्याला मागच्या महिन्यातल्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या गुळाच्या हिशेबाच्या पावत्या, बघायच्यात, एसटी सुटायला आलीय, आणि कॉम्प्युटर गप्प. आत काय चाललेलं? अख्ख्या टेबलावर स्कॅन, म्हणजे ओळ न् ओळ वाचणं, आणि वर फिल्टर. फिल्टर लागतो तो वाचून झाल्यावर, त्यामुळं 1 एमबी वाचा, टाकून द्या, पुढचा 1 एमबी वाचा, आणि पैसे सगळ्या वाचनाचे. शेवटी दिवाणजींनी वही काढली, शेतकऱ्याच्या नावाचं पान उघडलं, झालं काम. त्यांच्याकडं रोजकीर्द असते तारखेनं आणि खातेवही असते नावानं, व्यवहार एकच पण दोन ठिकाणी लिहिलेला, कारण विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. कोल्हापुरातली शाहूपुरीची पेठ 1895 ची, तिथं हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय हो, आणि आपण इंजिनिअर पोरं म्हणतो डेटा दोनदा लिहिणं म्हणजे पाप! माझं म्हणणं आहे की की-व्हॅल्यूमध्ये कुठली नोंद कुणाची ही जोडणी वाचताना शोधायची नसते, लिहितानाच लिहून ठेवायची असते.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं राहिली म्हणे. मग डायनॅमोडीबीतलं मुख्य मॉडेल भराभर सांगतो, लिहून घ्या.

पार्टिशन की, म्हणजे खातेवहीतलं कुणाचं पान, ठेवा 'शेतकरी#212', आणि सॉर्ट की, म्हणजे त्या पानावरचा क्रम, 'पट्टी#2024-11-02#4471'. आता 'पट्टी#2024-11' नं सुरू होणाऱ्या ओळी मागा, त्या शेतकऱ्याच्या नोव्हेंबरच्या पट्ट्या एका क्वेरीत. पट्टीतली कलमं 'पट्टी#4471' या पार्टिशन कीखाली वेगळ्या ओळी, प्रत्येकात गुळाचे किती रवे (ढेपा), वजन, भाव आणि व्यापारी. व्यापाऱ्याच्या बाजूनं बघायचं तर ग्लोबल इंडेक्स, म्हणजे त्याच ओळींची दुसऱ्या कीनं लावलेली वही: व्यापारी ही पार्टिशन की आणि तारीख ही सॉर्ट की. पट्ट्यांचे नंबर शेतकऱ्याच्याच आयटममध्ये, म्हणजे एका ओळीत, यादी करून कोंबू नका. आयटमला 400 केबीची मर्यादा आहे हे एक, आणि दुसरं असं की एक नंबर वाढवला तरी लिहिण्याचा आकार अख्ख्या आयटमवर लागतो, 100 केबीचा आयटम असेल तर एका नंबरापायी लिहिण्याचे 100 युनिट गेले, बिल त्यावरच.

कॉपी काय करायचं आणि की कशाची ठेवायची यात सगळे अडकतात. जे त्या दिवशी गोठलं ते कॉपी करा: भाव, वजन, हमाली, तोलाई, पट्टीवर छापलेलं नाव. भाव उद्या बदलला म्हणून कालची पट्टी बदलत नाही. फोन नंबर, बँक खातं बदलत राहतं, त्याची फक्त की ठेवा.

पट्टी आणि तिची कलमं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही असं, लिहा, ही सोय 2018 पासून आहे, आता 100 आयटमपर्यंत चालते. लिहिण्याचा खर्च दुप्पट येतो, पण अर्धवट पट्टी राहण्यापेक्षा तो परवडला. ग्लोबल इंडेक्स मात्र थोडा मागून येतो, त्यामुळं व्यापाऱ्याची उधारी मर्यादेत आहे का हे त्याच्यावरनं ठरवू नका, त्याच्याकडच्या येणे-बाकीचा एक वेगळा आयटम मूळ टेबलात ठेवा आणि कन्सिस्टंट रीड, म्हणजे ताजं लिहिलेलंच वाचणं, घ्या.

आणि शेतकऱ्यावरनं व्यापारी, व्यापाऱ्यावरनं त्याचा जामीनदार, त्याच्यावरनं आणखी कोण, अशा तीन-चार उड्या रोज लागत असतील तर दर उडीला नवी फेरी पडते, तिथं सरळ पोस्टग्रेससारखा रिलेशनल डेटाबेस नाहीतर नातीच साठवणारा ग्राफ डेटाबेस घ्या. चला, विचारा आता.