कंद झोपलाय हो, गेला नाही!

नमस्कार मंडळी! आज बोलूया मिसळीच्या बागेबद्दल. म्हणजे मोगरा, अबोली अशी वर्षानुवर्षं टिकणारी झाडं, त्यांच्या पायाशी निशिगंध, लिली, मे फ्लॉवर असले कंद आणि मधेमधे तुळस, पुदिना, गवती चहा. कुंडी कशी भरायची, खत कुठलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

एकच लक्षात ठेवा, कंद झोपतो. थंडीत मे फ्लॉवरची पानं पिवळी पडून जातात, वर काही म्हणजे काही दिसत नाही, पण खाली तो असतो.

आमच्या सोसायटीतल्या काकूंचं ऐका. डिसेंबरात त्यांची मे फ्लॉवरची कुंडी रिकामी दिसली तशी त्या माळीदादांना म्हणाल्या, "हे गेलं, टाकून द्या." दादा मुरलेले, त्यांनी मान डोलावली आणि सगळी माती कंदासकट गेटजवळच्या गवती चहाच्या बुडाशी नेऊन दाबली. मग मे अखेरीला वळवाच्या दोन सरी काय आल्या, गवती चहातनं मे फ्लॉवरच्या फुलांचे लालभडक चेंडू वर! चेअरमन म्हणे आमच्या कमिटीने लावलं, वरच्या आजी म्हणे देवाची कृपा, आणि काकू रोज फोटो काढणार नि दादांच्या मागे लागणार, "मला यातला एक कांदा द्या हो, माझा मेलाच!" दादा हातात पाइप धरून नुसते हसायचे. शेवटी पाऊस लागल्यावर त्यांनी एक कंद काढून काकूंच्याच जुन्या कुंडीत लावून दिला, बदल्यात काय, तर कपभर गवती चहा घातलेला चहा. त्यात वेलची घालतात लोक, मला बाई नाही पटत, आलं पुरे.

तर, कंद झोपतो! झोपलेला असताना वरती कोथिंबीर पेरा, दीड महिन्यात ती काढून होते, फक्त पाणी हात राखून घाला, नाहीतर कंद कुजतो. गवती चहा मागे लावा, तो कमरेएवढा होतो. पुदिना मात्र वेगळ्या कुंडीत, मोकळा सोडलात तर सगळीकडे पसरतो. तुळशीच्या थोड्या मंजिऱ्या राहू द्या, मधमाश्या येतात.

आणि ते ऑनलाइन ट्युलिपचे कांदे मागवू नका हो, त्यांना श्रीनगरसारखी कडाक्याची थंडी लागते. त्या पैशात निशिगंधाचे कांदे आणा, मार्च-एप्रिलमध्ये लावा.