आळसाचा फोटो

नमस्कार श्रोतेहो. जेवणं झाली असतील. आडवे होऊन ऐकत असाल तर उठू नका, आजचा विषय तोच आहे. आळस, आणि आळसाचे फोटो.

क्रोएशियातल्या झाग्रेबला म्लादेन स्तिलिनोविच नावाचा कलावंत होता. १९७८ साली त्यानं आठ कृष्णधवल फोटो केले. नाव काय, तर ‘कलावंत कामात’. आणि फोटोत तो स्वतः, अंथरुणात! कुठे डोळे उघडे, कुठे भिंतीकडे तोंड. आठ फोटो, आठही अंथरुणातले. ऑस्ट्रियाचा एर्विन वुर्म त्याहून मिश्कील. तुमच्या हाती बादली, खुर्ची असलं काहीतरी देतो, अवघडून मिनिटभर उभं करतो आणि फोटो काढतो. त्या एका मिनिटाचंच शिल्प.

आता आमचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले मामा. मामांचं सगळं झोपाळ्यावर. (झोपाळा नसलेल्या फ्लॅटला मी घर म्हणत नाही, पण ते असो.) दाराच्या कडीला त्यांनी सुतळी बांधलेली, तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात. बेल वाजली की पाय मागे ओढायचा, कडी निघते. पुन्हा सांगतो, सुतळी अंगठ्यात!

मी तेव्हा कॉलेजात. मित्राचा कॅमेरा, ३६ फोटोंचा रोल. म्हटलं, मामा, तुम्ही नुसते लोळा. तर मामा ताडकन उठले! इस्त्रीचा कोट, काळी टोपी, झोपाळ्याशेजारी सावधान. म्हणे, “फोटो काय लोळून काढतात?” हल्ली मोबाइलपुढे जो तो बत्तीशी दाखवतो, तेव्हा हसणं म्हणजे फोटो फुकट. मी विनवतोय, मामा हलत नाहीत. पस्तीस फोटो गेले, सगळे सावधान. आतून मामी म्हणाल्या, “अरे, आटप लवकर. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा वेळ उभे आहेत.”

तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला. आणि सवयीनं मामांचा पाय मागे गेला. कोट तोच, टोपी तीच, चेहरा दिवाणसाहेबांचा, आणि उभे एका पायावर! सुतळी ताणलेली, दार उघडं, दारात दूधवाला तोंड वासून.

छत्तिसावा फोटो तो. मामांनी तो फ्रेम करून झोपाळ्यासमोर लावला. लावला म्हणजे, खिळा मीच ठोकला.